निबंधाचं घोडं अडतं कुठे? वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

मागच्या अंकात विचारलं होतं की आठवी ते दहावीच्या मुलांचं मराठीच्या पेपरात घोडं नक्की कुठे अडतं ते कळवा. मला वाटलेलं समास येतील, वृत्तं येतील, रसग्रहण तर नक्कीच येईल, पण पत्रं उघडली तर निम्म्याहून जास्त निबंधाचीच निघाली. मुलांची आहेत, एका आईचं आहे, एका शिक्षकांचंही आहे. मी २७ वर्षं तालुक्याच्या गावात नववी-दहावीला मराठी शिकवलं, निबंधाच्या वह्यांचे गठ्ठे घरी आणून रात्री तपासले, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे आणि म्हणून यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. नावं कुणाचीच छापत नाही, गाव तेवढं लिहिलंय.

बाई, मी दहावीत आहे. माझ्याकडे निबंधाची तीन पुस्तकं आहेत, त्यातले २२ निबंध तोंडपाठ आहेत. तरी सराव परीक्षेत ८ पैकी ४ च मिळाले. शाळेतल्या वृक्षारोपणाचा प्रसंग लिहायचा होता, मी 'झाडांचे महत्त्व' पाठ केलेला तोच थोडा फिरवून लिहिला. सर म्हणाले विषय सोडून लिहिलंय. मग पाठ नक्की काय करायचं? (बार्शी)

अरे, आधी एक सांगते, २२ निबंध पाठ करणारा मुलगा आळशी नसतो. तुझी मेहनत खरी आहे, फक्त चुकीच्या ठिकाणी खर्ची पडतेय. कसं ते बघ. दहावीच्या कृतिपत्रिकेत पाचवा प्रश्न उपयोजित लेखनाचा, २४ गुणांचा. त्यात पत्र किंवा सारांश ६ गुणांना, मग जाहिरात, बातमी आणि कथा यातल्या दोन कृती मिळून १०, आणि उरलेले ८ गुण लेखनकौशल्याचे, ज्याला आपण अजूनही घरात निबंधच म्हणतो. तिथे प्रसंगलेखन, आत्मवृत्त आणि वैचारिक लेखन यातलं एक निवडायचं असतं आणि बऱ्याचदा सोबत मुद्दे किंवा एखादी चौकट दिलेली असते, कार्यक्रमाची सूचना, तारीख, पाहुणे वगैरे. आता प्रसंग म्हटल्यावर काहीतरी घडायला पाहिजे की नाही? तू झाडं ऑक्सिजन देतात, सावली देतात, जमिनीची धूप थांबवतात असं लिहिलंस. खरंय सगळं, पण तुझ्या शाळेत त्या दिवशी काय झालं ते त्यात कुठंच नाही.

मी तुझ्या जागी असते तर पुस्तक मिटलं असतं आणि कच्च्या कागदावर फक्त आठवेल ते टिपलं असतं. खड्डे कुणी खणले? आदल्या दिवशी आठवीच्या मुलांनी खणले असतील आणि पहारीनं हाताला फोड आले असतील. रोपाची काळी प्लास्टिकची पिशवी ब्लेडनं कापताना मुळांची माती भसकन सुटली असेल, मग सगळ्यांनी ती ओंजळीत धरून खड्ड्यात सोडली असेल. पाहुण्यांचं भाषण चालू असताना पाऊस आला असेल. आणि दुसऱ्या आठवड्यात त्या रोपांना पाणी कुणी घातलं, घातलं का? यातल्या चार गोष्टी जरी खऱ्या लिहिल्यास तरी तपासणाऱ्याला कळतं की हा मुलगा तिथे होता. एका बैठकीत पाठोपाठ पेपर तपासणाऱ्या माणसाला 'झाडे लावा झाडे जगवा' दहा वेळा वाचून झालेलं असतं, त्यात एखाद्याच्या ओंजळीतली माती समोर आली की तो थांबतो, खरंच थांबतो, माझं असं कित्येकदा झालंय.

'निबंध' शब्दातच बांधणं आहे. इकडून तिकडून गोळा केलेलं ओतून द्यायचं नाही, एका म्हणण्याभोवती सगळं आवळून बांधायचं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली निबंधमाला सुरू केली आणि सात वर्षांत ८४ अंक जवळजवळ एकहाती लिहून काढले. तेव्हापासून मराठीत निबंध म्हणजे लिहिणाऱ्याचं स्वतःचं म्हणणं, आणि ते दुसऱ्याच्या पुस्तकातून पाठ कसं करणार? तुझ्या त्या २२ निबंधांचं एकच कर. प्रत्येकातला तुला खरोखर आवडलेला एखादा शब्द नाहीतर एखादं वाक्य वहीत उतरव आणि का आवडलं ते शेजारी लिही, बाकी विसरून जा. पाठ केलेलं सगळंच वाया गेलं असं समजू नकोस, शब्द कानावर पडलेत त्याचा उपयोग होतोच.

वेळेबद्दलही सांगते, तू विचारलं नाहीस तरी. पेपर ८० गुणांचा, तीन तासांचा, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं आणि ८ गुणांना १८. त्यातली पहिली तीन मिनिटं पेन्सिलीनं शेवटच्या पानावर मुद्दे टिपायला द्यायची, तेरा मिनिटं लिहायचं, दोन मिनिटं वाचून बघायचं. ती पहिली तीन मिनिटं मुलं कधीच देत नाहीत, त्यांना वाटतं वेळ फुकट जातोय, पेन चालू दिसलं पाहिजे. मग दुसऱ्या परिच्छेदापाशी पेन थांबतं आणि तिथे पाच मिनिटं जातात. आणि घरी सराव करताना निबंध लिहून झाला की पहिल्या तीन ओळी हातानं झाकून चौथ्यापासून वाचून बघ. निम्म्या वेळा तुला कळेल की निबंध चौथ्या ओळीपासूनच सुरू होतोय, आधीचं सगळं नुसतं घसा साफ करणं होतं.

नमस्कार बाई. आम्हाला 'मी अनुभवलेला पूर' असा निबंध दिला होता. मी लिहिलं, "निसर्गाने रौद्र रूप धारण केले होते. सर्वत्र पाणीच पाणी झाले होते. जनजीवन विस्कळीत झाले होते. मुक्या जनावरांचे हाल पाहून मन हेलावून गेले." मॅडम म्हणाल्या भाषा चांगली आहे पण काहीतरी कमी आहे. काय कमी आहे ते त्यांनी सांगितलं नाही. ता. क. २०२१ ला आमच्या घरात खरंच पाणी आलं होतं, तेव्हा मी लहान होते, आम्ही वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे बसून होतो. पप्पा नंतर आठ दिवस चिखल काढत होते. आमच्या लोखंडी कपाटाच्या आत अजून पाण्याची रेघ दिसते. (चिपळूण)

अगं, तुझा निबंध ताजा कलममध्ये आहे! मी ते पत्र तीनदा वाचलं. वरच्या चार वाक्यांवर डोळा घसरून गेला आणि कपाटातल्या रेघेपाशी अडकला तो तिथेच राहिला.

वरच्या चार वाक्यांत चूक काही नाही, शुद्धलेखन बरोबर, व्याकरण बरोबर. पण एक करून बघ. तीच चार वाक्यं उचल आणि २००५ च्या २६ जुलैच्या मुंबईला लाव. लागतात. २०१९ च्या ऑगस्टमधल्या सांगली-कोल्हापूरला लाव, तिथेही लागतात. जी वाक्यं कुठल्याही पुराला चालतात ती तुझ्या घराची नाहीत, ती पेपरातल्या बातमीची आहेत, आणि बातमीदाराला तशी लिहावी लागतात कारण त्याला सगळ्या शहराबद्दल एकदम सांगायचं असतं. तुला फक्त एका घराबद्दल सांगायचंय. वाशिष्ठीचं पाणी २२ जुलै २०२१ ला बाजारपेठेत शिरलं हे सगळ्या महाराष्ट्राला माहितीये, पण तुमच्या कपाटात ते कुठपर्यंत आलं हे तुम्हा घरच्यांनाच माहितीये.

म्हणून आता मी तुला प्रश्न विचारते, तू उत्तरं कागदावर लिही, निबंध म्हणून नाही, नुसती उत्तरं. ती रेघ जमिनीपासून किती उंचीवर आहे? टेप घे आणि मोज. कपाटाचं दार उघडून तिच्यासमोर उभी राहा, आज ती तुझ्या कुठपर्यंत येते? आणि तेव्हा तू केवढी होतीस, तेव्हा कुठपर्यंत आली असती? (हे लिहिताना माझ्या अंगावर काटा आलाय, तुला लिहिताना येईल की नाही माहीत नाही कारण तुम्ही ती रोज बघता.) रेघेचा रंग कसला आहे, मातकट की गंजाचा? आईनं ती कधी पुसायचा प्रयत्न केला का? त्या कपाटात तेव्हा काय होतं, कपडे, कागदपत्रं, लग्नाचा अल्बम? वरच्या काकूंकडे किती माणसं होती आणि जेवायला काय होतं? चिखलाचा वास कसा होता? पप्पा आठ दिवस चिखल काढत होते म्हणजे कशानं काढत होते, फावड्यानं, पत्र्यानं, घमेल्यानं? काढून टाकत कुठे होते, सगळ्या गल्लीत तर चिखलच असणार?

सगळी उत्तरं निबंधात घ्यायची नाहीत हं. यातली पाचसहा निवडायची आणि मुख्य म्हणजे कपाट सोडायचं नाही. सुरुवात कपाटापासून करून बघ, मग पाणी येतं, मग चिखल, मग पुन्हा कपाट. 'मन हेलावून गेले' हे कुठेच लिहू नकोस. वाचणाऱ्याचं मन हलायचं असेल तर रेघेची उंची वाचून हलेल, तू सांगितल्यानं हलणार नाही. आणि जे आठवत नाही ते आईला, काकूंना विचार, लहान होतीस त्यामुळे अर्धं विसरली असशील, विचारून लिहिणं म्हणजे खोटं लिहिणं नव्हे. "हे मला आईनं सांगितलं" असं निबंधात सरळ लिहिलंस तरी चालतं, उलट फार चांगलं वाटतं ते. लिहून झालं की मला पाठव, मी वाट बघतेय.

माझा मुलगा इंग्रजी माध्यमात नववीला आहे. घरी मराठीच बोलतो पण मराठी निबंध लिहायला बसला की इंग्रजीत विचार करून भाषांतर करतो. "मी आंघोळ घेतली", "माझी मदत करा" असलं काहीतरी लिहितो. मार्कांचं एवढं नाही पण मला वाईट वाटतं. (पुणे)

ताई, तुमचं शेवटचं वाक्य मला फार आवडलं. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली ते चांगलंच झालं, पण सक्तीनं तास मिळतो, कान मिळत नाही. कान घरीच तयार होतो आणि तुमच्या घरी मराठी बोलली जाते म्हणजे निम्मं काम झालेलं आहे.

त्याची अडचण अशी आहे की बोलायची मराठी आणि लिहायची मराठी त्याच्या डोक्यात दोन वेगळ्या भाषा आहेत. बोलताना तो "आई, आंघोळ केली गं" असंच म्हणतो, "आंघोळ घेतली" म्हणत नाही. "मला मदत कर" म्हणतो, "माझी मदत कर" हे हिंदीतून आलंय, टीव्हीवरून, मोबाईलवरून. पण पेन हातात घेतलं की त्याला वाटतं आता काहीतरी भारी लिहायला पाहिजे आणि तिथे भाषांतर सुरू होतं. म्हणून पहिले दोन महिने त्याला थेट लिहायला बसवूच नका. विषय द्या आणि म्हणा मला सांग. स्वयंपाकघरात तुम्ही भाजी निवडत असाल तर तो समोर बसून सांगू दे, तुम्ही मोबाईलवर रेकॉर्ड करा, मग तेच ऐकून त्यानं जसंच्या तसं उतरवायचं, अगं-बिगं सकट. त्यात जे वाक्य उतरेल ते शंभर टक्के मराठी असेल, मग त्याला कपडे नीटनेटके घालायचं काम नंतर करता येतं, 'केलं' चं 'केले' करायला कितीसा वेळ लागतो!

दुसरं, रोज एक परिच्छेद मोठ्यानं वाचायला सांगा, कुठलाही, पेपरातला अग्रलेख चालेल, दिवाळी अंकातली गोष्ट चालेल, मात्र मोठ्यानं आणि कुणालातरी ऐकू जाईल असा. घरात आजीआजोबा असतील तर त्यांना पेपर वाचून दाखवायचं काम त्याच्याकडे द्या. माझ्या पाहण्यात ज्या मुलांनी हे केलं त्यांची वाक्यं सहा महिन्यांत बदलली, कारण जीभ जिथे अडखळते तिथे वाक्य चुकलेलं असतं हे त्यांना आपोआप कळायला लागतं. आणि कृपा करून "आमच्या ह्याला मराठी येतच नाही" असं त्याच्यासमोर पाहुण्यांना सांगू नका. तुम्ही तसं करत असाल असं नाही, पण पुष्कळ घरांत ऐकलंय आणि मुलं ते खरं मानतात.

ऱ्हस्व दीर्घ कधीच लक्षात राहत नाही. काही सोपी युक्ती आहे का? (अकोला)

आपले लेखनाचे नियम सगळे मिळून १८, त्यातले १४ १९६२ चे आणि ४ नंतर १९७२ ला आले. सगळे पाठ करायची गरज नाही, दोन जरी हाताला बसले तरी निम्म्याहून जास्त लाल शाई कमी होईल. एक, शब्दाच्या शेवटी इ किंवा उ आला तर तो दीर्घ, पाटी, वही, कवी, गुरू, आणि याला मोजके अपवाद, आणि, नि, परंतु. दोन, शब्दाचं शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इ-उ दीर्घ, जसं मूल, फूल, बहीण, पण त्याला प्रत्यय लागला की तोच ऱ्हस्व होतो, मुलाला, फुलाचा, बहिणीने. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र तिथल्यासारखेच, गुण, विष, मधुर. आता आजच्या तुझ्या एका वहीच्या पानावर फक्त हे दोन नियम लावून बघ, बाकी चुका दिसल्या तरी सोडून दे.

वैचारिक निबंधात दोन्ही बाजू लिहायच्या असं सांगतात. मी फायदे लिहितो, तोटे लिहितो आणि शेवटी "अति तेथे माती" लिहितो. 'वाचनसंस्कृती लोप पावत आहे का' या निबंधाला असंच केलं. दरवेळी ५ मार्क. (गडहिंग्लज)

५ मिळतात कारण तू चुकत नाहीस, आणि त्यापुढे जात नाहीत कारण तू काही म्हणतही नाहीस. 'अति तेथे माती' ही म्हण चांगली आहे पण ती मोबाईलला लागते, व्यायामाला लागते, गोडाला लागते, वाचनालाही लागते, मग तुझ्या निबंधात ती काय काम करते? दोन्ही बाजू बघायच्या म्हणजे शेवटी मधोमध उभं राहायचं असं नाही. दोन्हीकडचं ऐकून घ्यायचं आणि मग मला हे पटतं असं सांगायचं, कारणासकट.

तुझाच विषय घेऊ. आधी प्रश्न लहान कर. सगळ्या महाराष्ट्रात वाचन कमी झालं का हे तू आणि मी घरात बसून सांगू शकत नाही. पण गडहिंग्लजमधल्या, नाहीतर तुझ्या जवळच्या वाचनालयात काय चाललंय हे एका संध्याकाळी कळू शकतं. आपल्याकडे सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, त्या कायद्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात, तुमच्याकडचं कुठल्या वर्गात आहे ते विचार. ग्रंथपालांना नमस्कार कर आणि सांग, काका, मला निबंधासाठी माहिती पाहिजे. सभासद किती, त्यातले शाळेतले किती, सगळ्यात जास्त कुठलं पुस्तक बाहेर जातं, पेपर वाचायला सकाळी कोण येतं. एखादं पुस्तक घेऊन मागच्या पानावर चिकटवलेला तारखांचा कागद बघ, शेवटचा शिक्का कधीचा आहे. मग तुझ्या वर्गातल्या दहा जणांना विचार की गेल्या महिन्यात अभ्यासाबाहेरचं काय वाचलंत, आणि मोबाईलवर वाचलेलं मोजायचं की नाही हे तूच ठरव, कारण इथेच खरा वाद आहे! कुणी फोनवर रोज कथा वाचत असेल तर ते वाचन आहे का? तू हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण का ते सांग.

एवढं केल्यावर तुझा निबंध कुठल्याच गाईडमध्ये सापडणार नाही. आणि जे तुझ्या मताच्या विरुद्ध निघेल तेही लिही, लपवू नकोस. "मला वाटलं होतं वाचनालय ओस असेल, पण" असं एखादं वाक्य आलं तर वैचारिक निबंधाचा जीव त्यातच असतो, लिहिणाऱ्यानं खरंच विचार केला हे तिथे दिसतं. परीक्षेत अर्थात वाचनालयात जाता येणार नाही, पण वर्षभरात असे चार विषय जरी असे पायी फिरून लिहिलेस तरी पेपरात डोक्यात माल असतो आणि मुद्दे मांडायची सवयही झालेली असते.

फोनवरच्या एआयला विषय सांगितला आणि निबंध लिहून घेतला. सरांनी लगेच ओळखलं. मी काही चुकीचं केलं का? सगळेच करतात. (नवी मुंबई)

परीक्षेच्या हॉलमध्ये तो फोन नसणार, एवढं एक कारणही मला पुरेसं आहे. पण त्याहून मोठं असं की निबंध लिहिताना जो त्रास होतो ना, कुठून सुरू करू, हे घेऊ की ते घेऊ, तो त्रास म्हणजेच निबंध शिकणं, आणि तू नेमका तोच दुसऱ्याला देऊन टाकलास. वापरायचंच असेल तर उलटं वापर. आधी स्वतः लिही, मग त्याला म्हण मला या निबंधावर दहा प्रश्न विचार, कुठे कळलं नाही ते सांग, पण बदलून देऊ नकोस. आणि सरांकडे जाऊन खरं सांग, तो निबंध परत लिहून दे, सर रागावणार नाहीत बघ.

माझ्या वर्गात ६२ मुलं आहेत. प्रत्येकाचा निबंध तपासायचा म्हटलं तर आठवडा जातो आणि मुलं फक्त मार्क बघून वही मिटतात. काय करावं? (एक शिक्षक, नंदुरबार जिल्हा)

सर, हे दुखणं मला माहितीये. मी शेवटच्या काही वर्षांत एक केलं, एका निबंधात एकच गोष्ट तपासायची आणि ती आधी सांगायची. या वेळी फक्त सुरुवात, पुढच्या वेळी फक्त परिच्छेद कुठे तोडला, मग फक्त शुद्धलेखन. वही लवकर होते आणि मुलाला काय सुधारायचं ते नेमकं कळतं, सगळीकडे लाल दिसलं की मूल काहीच बघत नाही. दुसरं, दर आठवड्याला तीन निबंध वर्गात मोठ्यानं वाचायचे, लिहिणाऱ्याची परवानगी घेऊन, आणि वर्गाला एकच प्रश्न, तुम्हाला डोळ्यासमोर काय दिसलं? चुका विचारायच्या नाहीत. आणि ज्या मुलांची घरची भाषा भिली, पावरी किंवा अहिराणी आहे त्यांना पहिला खर्डा घरच्या भाषेत सांगू द्या किंवा लिहू द्या, तुमच्याकडे तशी मुलं असणारच. आधी सांगायचं काय ते पक्कं झालं की प्रमाण मराठीत आणणं सोपं जातं, दोन्ही एकदम करायला लावलं की ती गप्प बसतात आणि आपल्याला वाटतं त्यांना काही सुचत नाही.

बाई मला आत्मवृत्त लिहायला जमत नाही, सगळं खोटं वाटतं. शाळेत 'फळ्याचे मनोगत' दिलंय. फळा कसा बोलेल? "मी फळा बोलतोय, माझा जन्म कारखान्यात झाला" असं सगळे लिहितात. मी नववीत आहे, आईवडील कारखान्यावर ऊस तोडायला जातात, मी आजीजवळ राहतो. (केज तालुका)

तुला खोटं वाटतं म्हणजे तुझा कान चांगला आहे, सगळ्यांसारखं लिहून मोकळा झाला नाहीस. फळा बोलत नाही हे आपल्याला माहितीये, पण फळ्याला काय काय दिसतं हे ठरवलं की तो बोलायला लागतो. आत्मवृत्ताचा सगळा खेळ तेवढाच आहे. त्या वस्तूला जिथून दिसतं तिथून बघायचं आणि तिला जे दिसूच शकत नाही ते तिच्या तोंडी घालायचं नाही. कारखान्यात जन्म, मग ट्रकमधून प्रवास, हे फळ्यानं बघितलंही असेल, पण तू बघितलं नाहीस, म्हणून ते खोटं वाटतं.

उद्या शाळेत गेलास की पाच मिनिटं फळ्याला पाठ टेकून वर्गाकडे तोंड करून उभा राहा. त्याला रोज हेच दिसतं. बाकं, खिडकी, दार, मागच्या भिंतीवरचे तक्ते. सर त्याच्याकडे तोंड करून लिहितात तेव्हा वर्गाला सरांची पाठ दिसते, फळ्याला सरांचा चेहरा दिसतो, तो वर्गातल्या कुणालाच दिसत नाही त्या वेळी. खडू संपत आला की नखाचा आवाज येतो तो त्याच्या अंगावर येतो. डस्टर नसलं की कुणीतरी बाहीनं पुसतं. आणि त्याच्या एका कोपऱ्यात रोज काय लिहिलेलं असतं? वार, दिनांक, पट, हजर.

तिथे थांब जरा. पट बदलत नाही, हजर बदलतो. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की तुमच्याकडच्या फळ्यांवर हजरचा आकडा एकदम खाली येतो, मुलं आईवडिलांबरोबर तोडीला गेलेली असतात, आणि पुन्हा वर जायला उन्हाळा यावा लागतो. हे फळ्याइतकं नीट कुणालाच माहीत नाही कारण तो आकडा त्याच्याच अंगावर लिहिला जातो. तुमच्या वर्गाचा पट किती आहे मला माहीत नाही, तो तू खराखुरा लिही. दिवाळीआधीचा हजर किती होता आणि आज किती आहे, तोही. कुठल्या बाकावर आता एकच जण बसतो ते लिही. तू मागे राहिलास, आजीजवळ, म्हणजे त्या हजरमध्ये तू मोजला जातोस. फळ्याला तू रोज दिसतोस. तो तुझ्याबद्दल काय म्हणेल? हवं तर तुझं नाव घेऊ नकोस, "तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा" म्हण, तेवढं पुरे.

पहिलं वाक्य मी सुचवत नाही, ते तुझं तू लिही. फक्त वार आणि दिनांक घालून सुरुवात करून बघ, जशी फळ्यावर होते तशी. शाळा सुटल्यावर लिहायला बसू नकोस, सकाळी सर आकडा लिहायला येतात त्याच्या आधी वर्गात जाऊन लिही, तेव्हा कालचा आकडा पुसायचा राहिलेला असतो.